शुगर बॉर्डरवर आलेल्या मुलांची झोप आणि त्यांचं खाणं

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा किंवा पोरीचा रिपोर्ट येतो, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ नाहीतर ६, डॉक्टर म्हणतात बॉर्डरवर आहे, जपा आता, आणि घरी आल्याआल्या पहिलं काय होतं तर ताटावर पहारा बसतो. भात बंद, बटाटा बंद, साखरेचा डबा वरच्या फळीवर, आजीने हातावर ठेवलेला लाडू परत डब्यात. आई हौसेने नाचणीची भाकरी थापायला लागते, बाबा म्हणतात उद्यापासून माझ्याबरोबर चालायला चल. यातलं काहीच चुकीचं नाहीये. पण ते पोर रात्री किती वाजता झोपतं, सकाळी किती वाजता उठतं, हे घरात कोणी विचारत नाही, बऱ्याचदा डॉक्टरांच्या केबिनमध्ये पण तो विषय निघत नाही. माझं ठाम मत आहे की या वयात सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण झोप कमी पडली की भूक वाढते, ती भूक गोडाकडे आणि तळलेल्याकडे वळते, आणि वर जे खाल्लं ते शरीराला नीट वापरता पण येत नाही, हे तिन्ही एकदम होतं. मग ताटावर कितीही लक्ष ठेवा, पोराला स्वतःशीच भांडत बसावं लागतं आणि बहुतेक वेळा ते हरतं.

आधी धोका कोणाला आहे ते बघू, कारण इथेच मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं लहान वयात शुगर म्हणजे जाड मुलांचा प्रश्न, आमचा तर काडीसारखा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचं वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं शरीर. हीच मुलं १८ वर्षांची झाल्यावर त्यांची ग्लुकोज देऊन तपासणी केली तर मुलांमधल्या ३७ टक्के आणि मुलींमधल्या १८ टक्के जणांची साखर नॉर्मलच्या वर निघाली. आणि ही खेड्यातली, बहुतेक सडपातळ पोरं होती. देशपातळीवर बघायचं तर २०१६ ते २०१८ मध्ये जे राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं त्यात १० ते १९ वयाच्या मुलांमध्ये साधारण दहातलं एक मूल प्रीडायबेटिसच्या, म्हणजे याच बॉर्डरच्या, रेंजमध्ये सापडलं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सहा जण, आणि त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताच नसतो.

घरात आई, बाबा, आजी, आजोबा यांपैकी कोणाला शुगर आहे, आईला गरोदरपणात शुगर निघाली होती, मूल जन्मताना कमी वजनाचं होतं, पोट सुटलंय, मुलीला पीसीओडी सांगितलाय, यातली एक-दोन कलमं जुळत असली तर त्या मुलाची तपासणी करून घ्यावी. आणि एक खूण घरच्या घरी दिसते ती म्हणजे मान. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत, कधी कधी बोटांच्या पेरांवर कातडी काळपट आणि जाडसर होते, हात फिरवला की मखमलीसारखी लागते. आया ती मान बेसन आणि लिंबू लावून घासतात, मळ साचलाय म्हणून पोरीला आंघोळीच्या वेळी बोलतात, काही जणी तर घासणी वापरतात आणि तिथे साल निघून आग होते. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की तिथल्या कातडीच्या पेशी वाढतात आणि रंग गडद होतो, त्यामुळे घासून ते जाणारच नाही, ते आतून उतरावं लागतं. अशी मान दिसली तर पोरीला ओरडू नका, तिला लॅबमध्ये न्या.

आता इन्सुलिनचं थोडक्यात. आपण खाल्लेल्या पोळी-भाताची साखर होते, ती रक्तात येते, आणि ती पेशींच्या आत घ्यायला इन्सुलिन लागतं. पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काम भागवून नेतं. आता गंमत अशी की वयात येताना हे प्रत्येक मुलामध्ये थोडंफार होतंच, वाढीच्या हॉर्मोनमुळे इन्सुलिनचा परिणाम साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, आणि वय सरलं की बऱ्यापैकी पूर्ववत होतो. ज्याचं स्वादुपिंड दणकट आहे त्याला हे कळत पण नाही. पण ज्याच्या घराण्यात शुगर आहे किंवा जो जन्मतः कमी वजनाचा होता, त्याचं स्वादुपिंड या चार-पाच वर्षांत आधीच ओढाताण करत असतं. आणि नेमक्या याच वर्षांत आपण त्याची झोप काढून घेतो, नववीपासून ते बारावीपर्यंत.

झोप किती हवी याचा आकडा साधा आहे. १३ ते १८ वयासाठी रोज ८ ते १० तास, अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये हा आकडा दिलाय आणि जगभर तोच धरतात. आपल्याकडे दहावीतलं पोर आठ तास झोपलं तर नातेवाईक विचारतात, अभ्यास करतो की नाही हा. सहा तासांत भागवणाऱ्याचं कौतुक होतं, आमचा रात्री दोनपर्यंत जागतो आणि पाचला उठतो, असं अभिमानाने सांगितलं जातं.

बरं, लवकर झोप म्हटलं तर झोप येते का? नाही येत, आणि यात पोरांचा हट्ट जितका वाटतो तितका नसतो. झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन नावाचं हॉर्मोन वयात येताना एक ते दोन तास उशिरा वाढायला लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या मेरी कार्स्काडन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. आठवीपर्यंत साडेनऊला पेंगणारं पोर दहावीत अकरापर्यंत टक्क जागं असतं, त्याचं शरीरच तसं लागलेलं असतं. त्यात डोळ्यासमोर मोबाईल, खोलीत पांढरा ट्यूबलाइट, म्हणजे ती वेळ अजून पुढे. आणि सकाळी मात्र शाळा सातची. रात्रीची बाजू पुढे सरकली आणि सकाळची बाजू तिथेच, तर मधले तास कापले जाणारच ना.

आपल्या राज्यात यावर एक निर्णय झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या सकाळच्या वेळेचा मुद्दा काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. छोट्या मुलांसाठी चांगलंच झालं. पण ज्यांच्या शरीराचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी ते बारावीची मुलं त्या आदेशात नाहीत, आणि दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कित्येक शाळांत सकाळची शिफ्ट मोठ्या वर्गांचीच असते. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला की हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करायचं नाही, २०२२ पासून तो लागू आहे, आणि त्यामागे हेच किशोरवयीन झोपेचं कारण होतं. आपल्याकडे पण ही मागणी पालकांनी लावून धरायला हवी, मला तरी ती भात कमी करण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आता मूळ मुद्दा, झोप आणि भूक यांचा संबंध नेमका काय. भुकेचे दोन हॉर्मोन लक्षात ठेवा. घ्रेलिन जठरातून येतं आणि भूक लागली म्हणून सांगतं, लेप्टिन चरबीतून येतं आणि पुरे आता म्हणून सांगतं. शिकागोमध्ये २००४ साली एक प्रयोग झाला, १२ तरुण, तब्येतीने चांगले, त्यांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलेलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलेलं, आणि भूक किती लागलीय हे विचारल्यावर ती २४ टक्क्यांनी जास्त. फक्त दोन रात्रींत. आणि जास्त इच्छा कशाची झाली तर गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. पुढच्या प्रयोगांत हॉर्मोनचे आकडे दर वेळी असेच आले नाहीत, पण जागरणानंतर माणसं जास्त आणि जास्त जड खातात हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं. त्याचं कारण मग मेंदूत सापडतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कलीमध्ये २३ जणांना एक रात्र जागवून सकाळी मेंदूचं स्कॅनिंग करताना खाण्याचे फोटो दाखवले, तर विचार करून निर्णय घेणारा पुढचा भाग थंडावलेला आणि हवं-हवं म्हणणारा आतला भाग उसळलेला. पोरं वडापाव बघून थांबू शकत नाहीत तेव्हा आपण म्हणतो याला कंट्रोलच नाही, पण ज्या भागाने कंट्रोल करायचा तोच या वयात अजून पूर्ण तयार व्हायचा असतो, आणि वरून तो रात्रभर जागलेला.

हे सगळं मोठ्यांवरचं झालं. किशोरवयीन मुलांवर खास झालेला एक प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. अमेरिकेत १४ ते १७ वयाच्या ९३ मुलांना एक आठवडा रोज साडेसहा तास आणि एक आठवडा रोज साडेनऊ तास अंथरुणात राहायला सांगितलं, आणि ती काय काय खातात ते नोंदवलं. निकाल २०२२ च्या आसपास आले. दोन्ही आठवड्यांत एकूण कॅलरी जवळपास सारख्याच होत्या! म्हणजे पोरं जास्त खात नव्हती. पण कमी झोपेच्या आठवड्यात ती वेगळं खात होती, जास्त साखर, लगेच शुगर वाढवणारे पदार्थ, फळं आणि भाज्या कमी, आणि हे गोड खाणं-पिणं विशेषतः रात्री ९ नंतर वाढलेलं. वरून घातलेली साखर दिवसाला १२ ग्रॅम जास्त, म्हणजे साधारण तीन चमचे. शाळेच्या २०० दिवसांचा हिशोब केला तर जवळजवळ अडीच किलो साखर होते, आणि वजनकाट्यावर यातलं कदाचित काहीच दिसणार नाही. बॉर्डरवरच्या मुलाच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा भाग आहे, कारण त्याच्या स्वादुपिंडाला कॅलरीच्या बेरजेपेक्षा साखर किती आणि किती वेगाने येते याचा त्रास जास्त होतो.

आणि खाणं अगदी तेच ठेवलं तरी झोप आपलं काम करतेच. १९९९ मध्ये शिकागोमध्येच ११ तरुणांना सहा रात्री चार-चार तास झोपवलं तर रक्तातली साखर निवळण्याचा वेग, नंतर भरपूर झोपल्यावर होता त्याच्या तुलनेत, जवळजवळ ४० टक्क्यांनी मंद निघाला. किशोरवयीन मुलांवर पण हे बघितलं गेलंय, तीन रात्री चार तासांची झोप दिली तरी निरोगी, सडपातळ मुलांमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी झाला. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या अडीचशेच्या आसपास मुलांच्या एका अभ्यासात संशोधकांनी हिशोब मांडला की रोज सहा तास झोपणाऱ्या मुलाने एक तास वाढवला तर त्याचा इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं, ९ टक्क्यांनी सुधारू शकतो. ९ टक्के ऐकायला कमी वाटेल, पण यात गोळी नाही, खर्च नाही, आणि पोराचा एकही आवडता पदार्थ काढून घेतलेला नाही.

रात्री उशिरा जेवण्याचं पण सांगितलं पाहिजे कारण आपल्याकडे ते फार आहे. मेलाटोनिन वाढलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला हात आखडता घेतं, शरीराच्या हिशोबाने आता उपास सुरू झालेला असतो. त्यामुळे तीच पोळी-भाजी, तोच भात, संध्याकाळी सातला खाल्ला तर साखर जेवढी चढते त्यापेक्षा रात्री साडेदहाला खाल्ला तर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. हे उलटं सकाळी पण लागू होतं, जे पोर रात्री दीडला झोपून पावणेसहाला उठतं त्याच्या शरीरात तेव्हा अजून रात्रच चालू असते, म्हणून त्याला नाश्ता नको वाटतो. आई मागे लागते, दोन घास खा, आणि त्याला खरंच मळमळतं. तो नाटक करत नाहीये.

एक दिवस उदाहरणादाखल घेऊ, अकरावीतला मुलगा, मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी, असे आपल्या ओळखीत चार तरी असतात. पावणेसहाला अलार्म, साडेसहाची बॅच. निघताना कपभर चहा, दोन चमचे साखर, दोन खाऱ्या. साडेदहाला ब्रेक होतो तेव्हा पोटात आगडोंब, कॅन्टीनमध्ये समोसा किंवा वडापाव आणि दोघांत एक कोल्ड्रिंक. दुपारी दोनला घरी, मग भात-आमटी दाबून, आणि तीन ते साडेपाच गाढ झोप, घरातले म्हणतात झोपू दे बिचाऱ्याला दमलाय. तो दमलेला असतोच, पण ही अडीच तासांची झोप रात्रीची झोप खाऊन टाकते. संध्याकाळी परत क्लास, साडेनऊला घरी, दहाला जेवण. साडेदहाला त्याचा मेंदू एकदम ताजा, खरा अभ्यास आता. बारा वाजता भूक लागते, घर झोपलेलं असतं, स्वयंपाकघरात हाताला काय लागतं तर फरसाण, बिस्किटाचा पुडा, मॅगी, फ्रिजमधलं श्रीखंड. मग अर्धा तास मोबाईल, तो दीड तास होतो. रविवारी साडेअकराला उठतो, म्हणजे शनिवारी-रविवारी त्याचं शरीर वेगळ्याच देशाच्या वेळेवर जातं आणि सोमवारी पहाटे परत ओढून आणावं लागतं. या मुलाला डाएट चार्ट द्या, त्यात बारा वाजताच्या भुकेचा रकानाच नसतो.

आणि एक गोष्ट घराघरात होते ती मला फार लागते. रिपोर्ट आल्यापासून जेवताना सगळ्यांदेखत बोलणं सुरू होतं, अजून एक पोळी? विसरलीस का डॉक्टर काय म्हणाले? पोर दिवसभर सगळ्यांसमोर कमी खातं, अर्धपोटी राहतं, आणि रात्री कोणी बघत नसताना खातं. तेव्हा थांबताच येत नाही असं मुलं सांगतात, पोट भरलंय, चव पण लागत नाहीये, तरी हात थांबत नाही, आणि नंतर स्वतःची किळस येते. बिस्किटाचे रिकामे कागद गादीखाली किंवा दप्तरात सापडतात. ताण, उदासपणा आणि अपुरी झोप एकत्र आली की हे असं खाणं वाढतं, आणि ज्या मुलांमध्ये हे होतं त्यांचं वजन आणि शुगर पुढे जास्त बिघडते असं डॉक्टरांना दिसलंय. मग लपवायला जागरण, जागरणाने अजून भूक, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलणी. असे कागद सापडले तर कृपा करून त्यावरून पंचायत भरवू नका. दुपारी एकटीला गाठून फक्त विचारा, रात्री झोप लागत नाही का ग तुला?

घोरण्याबद्दल पण सांगते. वजन जास्त असलेलं किंवा टॉन्सिल-अडेनॉइड वाढलेलं मूल मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकत असेल तर लोक म्हणतात किती गाढ झोपलाय. ती गाढ झोप नसते, श्वास अडकून झोप सारखी तुटत असते, नऊ तास अंथरुणात काढून पण सकाळी डोकं जड, वर्गात पेंग, चिडचिड. याने शुगर पण बिघडते आणि बीपी पण. झोपेत एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना तेवढ्यावरून बरंच कळतं.

झोप वाढवली तर खाणं आपोआप सुधारतं का, हा खरा प्रश्न. याचं चांगलं उत्तर २०२२ मध्ये आलं, पण ते २१ ते ४० वयाच्या लोकांवर होतं. वजन जास्त असलेले आणि साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे ८० जण, त्यातल्या निम्म्यांना झोपेच्या सवयींबद्दल एकदा बसून नीट समजावलं, बाकी खाण्याबद्दल एक शब्द नाही. दोन आठवड्यांत त्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं, कोणी न सांगता. मुलांमध्ये पण दिशा तीच दिसते. झोपेने प्रीडायबेटिस एकट्याने बरा होतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, चालणं-खेळणं, जेवण, गरज असेल तर औषध हे सगळं लागतंच. पण झोपलेल्या पोराला ते जमतं.

मग करायचं काय. रात्री लवकर झोप असं ओरडून काही होत नाही, सुरुवात सकाळपासून करा. उठायची वेळ आठवडाभर एक ठेवा, रविवारी फार तर तासभर जास्त. उठल्यावर पडदे उघडा, दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत, गच्चीवर, उजेडात, घड्याळ मागे ओढायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची आणि चारच्या आत, सुरुवातीचे चार-पाच दिवस पोर चिडचिड करेल, करू द्या. चहा-कॉफी दुपारनंतर नको, कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात, आणि एनर्जी ड्रिंक तर नकोच, कॅनवर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं ते कोणी वाचत नाही. झोपायची वेळ एकदम दीडवरून दहावर आणू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे घ्या, महिन्याभरात सव्वाअकरा जमलं तरी खूप झालं.

जेवणाचं असं करा की संध्याकाळी क्लासला जाताना डब्यात पोळी-भाजी किंवा थालीपीठ-दही द्या आणि ते साडेसहा-सातच्या सुमाराला खाऊ द्या, रात्री घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी, नाहीतर नुसतं ताक आणि कोशिंबीर. यात दहाचं जड जेवण सुटतं आणि मधला वडापाव पण. आणि रात्रीची भूक लागणारच नाही असं धरून चालू नका. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, दूध, असं काहीतरी समोर, सहज हाताला लागेल असं ठेवा आणि फरसाणाचा डबा घरातच आणू नका, लपवून ठेवलेला डबा पोरांना बरोबर सापडतो. सकाळी नाश्ता जात नसेल तर जबरदस्ती नको, डबा द्या, शेंगदाणे घातलेले पोहे, मोड आलेल्या मटकीची उसळ, आठ-साडेआठला खाल्लं तरी चालतं. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आई-बाबांचा पण, नाहीतर हा नियम दोन दिवस टिकत नाही. क्लास निवडताना फी आणि रिझल्टबरोबर बॅचची वेळ पण बघा, सकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊ अशा दोन्ही टोकांच्या बॅचेस एकाच पोराला लावू नका. झोपेत दिवसभराचं वाचलेलं पक्कं होतं, त्यामुळे झोपेचा तास हा अभ्यासातून काढून घेतलेला तास नाही हे पोरांना सांगा, त्यांना पटतं.

तपासणीचे आकडे जाता जाता. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४, म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ किंवा ६.५ आणि त्याच्या पुढे डायबेटिस, तो पण परत तपासून पक्का करतात. आपल्या मुलींच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, लोह कमी असून रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन बघा आणि उपाशीपोटीची साखर पण करून घ्या. घाई कशासाठी ते पण सांगते. या वयात एकदा टाइप टू डायबेटिस झाला की तो मोठ्यांपेक्षा वेगाने बिघडतो, अमेरिकेत १० ते १७ वयाच्या ६९९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची शुगर पुढे ताब्यात राहिली नाही. बॉर्डरवर आहे तोवरच हाताशी वेळ आहे. आणि मूल अचानक खूप पाणी पितंय, रात्री सारखं लघवीला उठतंय, खाऊन पण वजन उतरतंय असं असेल तर ते प्रकरण वेगळं आहे, तो टाइप वन असू शकतो, तिथे झोपेचं वेळापत्रक करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवतं, म्हणून पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी होते. तोपर्यंत एक साधी वही घाला, तीन रकाने, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, रात्री नऊनंतर काय खाल्लं. वही पोराने स्वतः भरायची, आईने शेजारी बसून नाही, आणि त्यात श्रीखंड लिहिलं म्हणून कोणी बोलायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. तीन महिन्यांनी रिपोर्टबरोबर ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची.